‘आमची’ म्हणायचं नाही

“‘आमचा नवरा सोल शहरात असतो,’ असं तिथे इंग्रजीत म्हणालात ना, तर तिथला मास्तर विचारेल, ‘किती जणींचा?’”

आमच्या क्लासच्या पेक बाई पालकांच्या प्रत्येक बैठकीत हा विनोद करायच्या आणि प्रत्येक वेळी बाया तोंडावर हात ठेवून हसायच्या. मी हसायचे नाही. मला तिथे गणित शिकवायला ठेवलं होतं, हसायला नव्हे.

विनोद खोटा नव्हता म्हणा. आपल्याकडे कोरियनमध्ये ‘माझी आई’ कोण म्हणतं? एकुलतं एक पोरसुद्धा ‘आमची आई’, ‘आमचं घर’ असंच म्हणतं. ‘माझी आई’ कानाला भांडण काढल्यासारखं लागतं. पण त्या आंतरराष्ट्रीय शाळांत सगळं उलटं. तिथे पहिल्या दिवसापासून विचारतात, तुला काय वाटतं, तुझं मत काय, तू काय केलंस. साध्या शाळेत माना खाली घालून पाठांतर करत आलेली पोरं तिथे पुतळ्यासारखी उभी राहतात. त्यांना बोलतं करून प्रवेशाच्या मुलाखतीला आणि पुढच्या पहिल्या वर्षाला तयार करायचं, हे आमच्या क्लासचं काम. पेक बाई सोलहून मोठ्या क्लासचा अनुभव घेऊन आल्या होत्या. त्यांचा नियम एकच: इथे ‘आमचं’ म्हणायचं नाही. तोंडातून गेलं की उभं राहायचं आणि वाक्य ‘मी’पासून पुन्हा म्हणायचं.

मी इथलीच, जेजू बेटावरची. शाळांची ही वसाहत उभी राहिली तिथे आधी रान होतं. वसंतात आमची आई तिथे भाजीसाठी नेच्याचे कोंब खुडायला जायची. वसाहतीपलीकडे ते रान अजून आहे, आणि धुकं उतरलं की अजूनही खुडणाऱ्या बाया तिथे वाट चुकतात. त्या वर्षी धुकं फार होतं. एप्रिल सरला तरी आमच्या खिडकीतून शाळेचा घड्याळाचा मनोरा दिसत नव्हता, नुसती घंटा ऐकू यायची.

अशाच एका सकाळी गाउलची आई दोन मुलींना घेऊन आली. जुळ्या, बारा वर्षांच्या. गाउल थोरली आणि सोदम धाकटी. दोघींत अंतर काही मिनिटांचंच, पण सोदम तिला ताई म्हणायची आणि गाउल ते ताईपण अगदी रुबाबात मिरवायची. थोरलीच्या नावाने आईला हाक मारायची रीत, म्हणून ती सगळ्यांची गाउलची आई झाली. तिचा नवरा सोलमध्ये नोकरीला. ही मुलींना घेऊन बेटावर राहायला आली होती, वसाहतीतल्या निम्म्या बायांसारखी.

“नाव काय तुझं?” मी गाउलला विचारलं.

“आम्ही गाउल आणि...”

“...सोदम,” धाकटीने पुरं केलं.

“जेवलात का?”

“आम्ही विमानतळावर...”

“...किंबाप खाल्ला. ताईने भातातलं गाजर काढून टाकलं.”

“तू पण काढलंस!”

मला हसू आलं. पेक बाईंना आलं नाही. त्या म्हणाल्या, “अरे देवा. इथे तर दुप्पट काम आहे.”

मुलींना बाहेर बसवून गाउलच्या आईने खरी गोष्ट सांगितली. बार्लीच्या चहाचा पेला तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता. “सातवीत एकच जागा आहे. एक कुटुंब कॅनडाला गेलं, त्यांच्या मुलीची. दोघींचे अर्ज घेतलेत, पण घेणार एकीलाच.”

“आणि दुसरी?” मी विचारलं.

“ती सोलला आजीकडे. सासूबाई म्हणतातच, एक नात माझ्याजवळ ठेवा. तिथल्या शाळेत परत घालू.”

“इथे आपली साधी शाळा आहे की. वळणावरच. आमची दोन्ही पोरं तिथेच शिकली.”

ती माझ्याकडे बघून गोड हसली. असं हसू मी फार पाहिलंय. “यांग बाई, तिथेच घालायचं तर सोल सोडून कशाला आलो असतो?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ती पुढे जे म्हणाली त्याने राग बाजूलाच राहिला. “मुलींना यातलं काही माहीत नाही. दोघींना वाटतंय दोघी जाणार. सांगितलं तर दोघी रडत बसतील आणि एकही तयार होणार नाही. जिची तयारी होईल ती राहील. ठरवायचं काम शाळेचं. माझ्याने ते होणार नाही.”

म्हणजे आईजवळ कोण राहणार हे एका मुलाखतीवर ठरणार होतं, आणि ज्यांचं ठरणार त्यांनाच पत्ता नव्हता. मी पेक बाईंकडे पाहिलं. त्या वेळापत्रक बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दोघींची बाकं वेगळी झाली. एक खिडकीशी, एक दाराशी. सोदम मान वळवून वळवून ताईकडे बघायची. पेक बाई विचारायच्या, “सुट्टीत काय करतेस?”

“आम्ही संत्र्यांच्या बागेत...”

“उभी राहा. आम्ही कोण? मला एकच मुलगी दिसतेय.”

“मी... मी आणि ताई...”

“मी.”

“मी संत्र्यांच्या बागेत जाते,” सोदम म्हणायची, आणि मग हळूच, दबक्या आवाजात, “पण ताई पण असते.”

वर्ग हसायचा. पहिल्या आठवड्यात गाउलही हसायची. दुसऱ्या आठवड्यात तिने हसणं सोडलं. तिसऱ्यात ती पहिल्या दमात उत्तर द्यायला लागली. मी वाचते. मला वाटतं. माझ्या मते हे चूक आहे, कारण. पेक बाई तिच्यावर खूश होत्या. “बघा यांग बाई, हिला आरसा सापडलाय,” त्या म्हणाल्या. मला ते कौतुक वाटलं नाही. एवढ्या लवकर एवढं बदलणारं पोर मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघून बरं वाटत नव्हतं.

डब्याची गोष्ट घ्या. आई दोघींना एकच मोठा डबा द्यायची, अंड्याचा रोल, भात, मुळ्याचं लोणचं. दोघी एकाच डब्यात चमचे घालून खायच्या, गप्पा मारत, एकमेकींच्या वाट्याचं पळवत. एक दिवस गाउलने डबा उघडला, चमच्याने भाताच्या मधोमध रेघ ओढली आणि म्हणाली, “हा माझा.”

“मग माझा कुठला?” सोदमने विचारलं.

“उरलेला.”

सोदमला ती गंमत वाटली. तिने रेघेपलीकडचा एक घास उचलला. गाउलने तिच्या हातावर चमचा मारला. जोरात नाही. पण मारून झाल्यावर ती शांतपणे जेवत राहिली, आणि सोदम हाताकडे बघत बसली. संध्याकाळी हे आईला सांगितलं तर म्हणते, “म्हणजे स्वतंत्र व्हायला लागली. पेक बाई म्हणाल्याच होत्या.” दुसऱ्या दिवसापासून दोन डबे आले.

कधी तरी त्याच सुमारास सोदमचं ‘ताई’ पण बंद झालं. गाउलनेच बंद केलं. “तिकडे कोणी ताई म्हणत नाही. नावाने हाक मार.” सोदमच्या तोंडून ते नाव निघेना. ती मग हाकच मारेनाशी झाली. काही हवं असलं की जाऊन बाकाशी उभी राहायची, आणि गाउलने वर बघेपर्यंत तशीच उभी असायची.

मुलाखतीला आठवडा राहिला असताना मी जिन्यात त्या दोघींचं बोलणं ऐकलं. दोघी खालच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी एकत्र, म्हणून मी थांबले.

“ते आईबद्दल विचारणार,” गाउल सांगत होती. “तेव्हा तू ‘आमची आई’ म्हण. सारखं म्हण. कितीही अडवलं तरी तेच म्हण. त्यांना कोरियन माया आवडते. पेक बाईंना नाही कळत ते.”

“नक्की?”

“मी कधी खोटं सांगितलंय तुला?”

मी गाउलला वर बोलावलं आणि रिकाम्या वर्गात दार लावून घेतलं.

“तुला कळलंय, नाही का? जागा एकच आहे ते.”

तिने मान हलवली. आई फोनवर आजीशी बोलत असताना तिने ऐकलं होतं.

“आणि म्हणून बहिणीला उलटं शिकवतेस?”

“मी माझं मत सांगितलं,” गाउल म्हणाली. तिने नजर खाली केली नाही. आपल्या पोरांना रागावलं की त्यांची नजर आपोआप खाली जाते. हिची गेली नाही. “ऐकायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं. विचार करायला शिकवतात ना इथे?”

“शहाणी आहेस फार. ती सोलला जाईल, एकटी. कळतंय का तुला?”

“नाहीतर मी जाईन. मी का जाऊ?” आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चिरकला. “यांग बाई, तुम्ही सांगा, मी का जाऊ?”

तिचा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, आणि जिचा यायला हवा होता ती वळणावरच्या कॉफीच्या दुकानात इतर आयांबरोबर बसली होती. मी तडक तिथे गेले. तिला बाहेर बोलावलं. धुक्यात दुकानाची पाटीही धड दिसत नव्हती.

“गाउलच्या आई, मुलींना आजच्या आज सगळं सांगा. थोरलीला कळलंय. ती धाकटीला खड्ड्यात ढकलतेय.”

“गाउलला कळलंय?” ती क्षणभर गडबडली. मग तिचा चेहरा असा काही सैल झाला की मी बघतच राहिले. सुटका झाल्याचा चेहरा होता तो. “मग... मग तिने ठरवलंच म्हणायचं.”

“तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? बारा वर्षांची आहे ती!”

“हळू बोला. आत सगळ्या बसल्यात.” तिने माझा दंड धरला. “तुम्हाला वाटतं मी झोपते? रोज एकीकडे बघते आणि वाटतं, ही जाईल. मग दुसरीकडे बघते. मला नका विचारू यांग बाई. कोणीतरी ठरवा आणि मला सांगा.”

असं म्हणून ती आत गेली. काचेतून पाहिलं तर शेजारच्या बाईच्या कसल्याशा बोलण्यावर ती हसत होती, आणि हातातल्या कागदी रुमालाच्या तिने बोटांनी पार चिंध्या करून टाकल्या होत्या.

राहिली सोदम. तिला मी शिकवणी सुटल्यावर थांबवलं. जागेचं सांगितलं नाही. ते सांगणं आईचं होतं आणि माझं ते धाडस झालं नाही. पण एवढं म्हटलं, “मुलाखतीत ‘माझी आई’ म्हण बाळा. जिन्यात जे ऐकलंस ते विसरून जा.”

“मला माहितीये,” सोदम म्हणाली. “ताई थाप मारत होती. थाप मारताना ती कानाची पाळी ओढते.”

“मग म्हणशील ना नीट?”

ती दप्तराच्या पट्ट्याशी खेळायला लागली. “यांग बाई, मी ‘माझी आई’ म्हटलं तर मग ताईची कोण?”

“अगं, ते नुसतं इंग्रजी आहे.”

“ताईला नुसतं इंग्रजी वाटत नाही ते,” ती म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी क्लासची गाडी मीच चालवली. आई येणार होती, पण सकाळी तिचं डोकं एवढं दुखायला लागलं की ती अंथरुणातून उठली नाही. पेक बाईंनी दोघींच्या कॉलर नीट केल्या. रस्ता पांढराफटक होता. दिवे लावून, हळूहळू, रानाच्या कडेकडेने आम्ही गेलो. गाउल पुढे बसली होती आणि ओठ हलवत स्वतःशी उत्तरं म्हणत होती. सोदम मागे.

मी बाहेरच्या बाकावर थांबले. आधी गाउल आत गेली आणि हसत बाहेर आली. मागून आलेल्या गोऱ्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मग सोदम गेली. ती फार वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा बाईंचा चेहरा गोंधळलेला होता आणि सोदमचा अगदी कोरा.

परतताना मी न राहवून विचारलं, “काय विचारलं गं?”

“आईबद्दल सांग म्हणाल्या. मी म्हटलं, आमची आई. त्या म्हणाल्या, फक्त तुझ्याबद्दल बोल, तुझी आई. मी परत म्हटलं, आमची. मग त्या म्हणाल्या, बहीण इथे नाहीये, आता तू आणि मीच आहोत, घाबरू नकोस. मी म्हटलं, बहीण बाहेर आहे. मग त्यांनी दुसरंच काहीतरी विचारलं.”

“तुला सांगितलं होतं ना मी!” माझा आवाज चढला.

“हो.”

“आणि तू?” मी गाउलला विचारलं.

“मी म्हटलं, माझी आई,” गाउल म्हणाली. “माझी आई माझ्यासाठी सोल सोडून आली. माझ्या आईला माझ्याशिवाय कोणी नाही इथे.” ती पुढच्या काचेकडे बघत बोलत होती. मग तिने कानाची पाळी ओढली, आणि मागे कोणी तरी बघतंय हे लक्षात येऊन हात खाली घेतला.

निकाल आठवड्यात आला. गाउल. आईने मुलींना आता सगळं सांगितलं म्हणे, आणि सोदम रडली नाही म्हणून ती माझ्याकडे येऊन रडली. “किती समजूतदार आहे हो. एक शब्द बोलली नाही. म्हणाली, ठीक आहे.” मला त्या समजूतदारपणाची भीती वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं. पेक बाई म्हणाल्या, मी गणिताकडे लक्ष द्यावं.

जायच्या आधीचे चार दिवस सोदम क्लासला आलीच. जागा गेली होती, शिकवणी कशासाठी, हे तिला कोणी विचारलं नाही. ती दाराशी बसायची आणि विचारलं की उभी न राहता, न अडखळता उत्तर द्यायची. मी जेवले. मला कंटाळा आला नाही. माझ्या मते उद्या वारा असेल. एकदाही ‘आम्ही’ नाही. “आता कशी बोलायला लागली बघा,” पेक बाई हळहळल्या. “महिनाभर आधी असं बोलली असती तर!” गाउल खिडकीशी बसून तिच्याकडे बघायची. आता मान वळवून वळवून बघण्याची पाळी तिची होती. एकदा मधल्या सुट्टीत ती आपला डबा घेऊन सोदमच्या बाकाशी गेली आणि झाकण उघडून उभी राहिली. सोदम म्हणाली, “माझा आहे माझ्याजवळ.” बस, एवढंच.

विमानतळावर त्यांना मीच सोडलं. बाप सोलहून न्यायला आला होता. थकलेला, भला माणूस, सारखा घड्याळ बघणारा. आईने सोदमचं जाकीट गळ्यापर्यंत बंद केलं, परत उघडलं, परत बंद केलं. “आजीला त्रास देऊ नकोस. रोज फोन करायचा. सुट्टी लागली की इकडे यायचं. आमची गुणाची पोर ती.” बोलताना तिला धाप लागत होती. गाउल तिच्या मागे उभी होती, तोंड पांढरं पडलेलं.

सोदमने सगळं ऐकून घेतलं. मग दोन पावलं मागे सरकली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. जिन्यात भेटलेल्या शेजारणीला चांगल्या घरची मुलगी करते तसा, नीट, अदबीने.

“गाउलच्या आई, येते मी,” ती म्हणाली. “तब्येतीला जपा.”

आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, तिला आधी कळलंच नाही. बापाने “काय गं हे?” म्हटलं, पण सोदम तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. तिने दप्तर पट्ट्यावर ठेवलं आणि पलीकडे गेली. गाउलने दोनदा हाक मारली, पूर्ण नावाने, मोठ्याने, लोक वळून बघायला लागले. सोदमने वळून पाहिलं नाही.

“काय म्हणाली ती?” आई मला विचारत होती. “यांग बाई, काय म्हणाली ती मला?”

गाउलने पुढे होऊन आईचा हात धरला. आईने तो सोडवला नाही, पण धरलाही नाही. ती रिकाम्या रांगेकडे बघत उभी होती आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.